मतदान केंद्र शाळेत, शाळा मात्र मतदानाबाहेर

पतसंस्थेच्या संचालकपदासाठी रात्रीचा दिवस करणारा समाज गावच्या शाळेच्या समितीची निवड मुख्याध्यापकांवर सोपवून मोकळा होतो. शाळेचा कारभार कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न ज्यांचा आहे त्यांनीच तो सोडून दिला, की पुढच्या पिढीवरचा हक्कही हळूहळू सुटत जातो.

१५ जानेवारी २०२६ रोजी नाशिक महानगरपालिकेसाठी मतदान झाले. मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपल्यापासून जवळजवळ चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्यामुळे १२२ जागांच्या या निवडणुकीची उत्सुकता स्वाभाविकच मोठी होती. तोंडावर आलेला सिंहस्थ, तपोवनातील वृक्षतोडीचा वाद, रस्त्यांवरचे खड्डे, उमेदवारांची पक्षांतरे, अशा अनेक विषयांवर पारांवर आणि चहाच्या टपऱ्यांवर वाद रंगले. मतदानाच्या दिवशी नाशिककर रांगेत उभा राहिला, बोटाला शाई लावून घेतली आणि घरी परतला. हे सारे घडले ते बहुतांशी शाळांच्या वर्गखोल्यांत. फळा, तक्ते, लहान मुलांचे बुटके बाक यांच्या साक्षीने शहराने आपला कारभारी निवडला. पण ज्या वर्गात आपण उभे आहोत त्या वर्गाचा कारभारी कोण, हा प्रश्न रांगेतल्या किती जणांच्या मनाला शिवला असेल? शाळा हा या निवडणुकीचा विषय होता, असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही.

वास्तविक शाळेचा कारभार पाहणाऱ्यांचीही निवड होत असते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमाने शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. समितीतील तीन चतुर्थांश सदस्य विद्यार्थ्यांचे माता-पिता वा पालक असले पाहिजेत. एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान हवे. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक केवळ सचिव असतात, सदस्यांची निवड पालकसभेने करावयाची असते, दर दोन वर्षांनी समिती नव्याने बनवावयाची असते आणि तिची बैठक दरमहा व्हावी असा दंडक आहे. एखाद्या झोपडपट्टीतल्या मोलकरणीने उद्या आपल्या मुलाच्या शाळेची अध्यक्षा व्हायचे ठरविले, तर कायदा तिच्या बाजूने उभा आहे. इतकी लोकाभिमुख रचना आपल्या सार्वजनिक जीवनात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आणि प्रत्यक्षात काय दिसते? पालकसभेची सूचना फलकावर लागते. मोजके पालक येतात. मुख्याध्यापक नावे सुचवितात, उपस्थित मंडळी टाळ्या वाजवितात, नोंदवहीत सह्या होतात आणि सभा संपते. जो बोलाविल्यावर येतो, दाखविलेल्या जागी सही करतो आणि प्रश्न विचारत नाही, तो उत्तम सदस्य! याला अपवाद आहेत, आणि जेथे ते आहेत तेथील शाळा पाहताक्षणी ओळखू येतात. पण बहुसंख्य ठिकाणी ही समिती म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. दोष कायद्याचा नाही. निवडणूक कायद्याने दिली. मतदारच आला नाही.

मंडळ गेले, हळहळले कोणीच नाही

ही उदासीनता आजची नाही. 'शिक्षण मंडळ' हा शब्द जुन्या नाशिककरांच्या चांगला परिचयाचा आहे. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ या कायद्याने महापालिका आणि मोठ्या नगरपालिकांच्या प्राथमिक शाळांचा कारभार स्वतंत्र शिक्षण मंडळाकडे दिला होता. नगरसेवकांच्या मतांनी त्याचे सदस्य निवडले जात, सदस्य आपला सभापती निवडत आणि प्रशासन अधिकारी दैनंदिन कामकाज पाहात. रस्ते-गटारांच्या गदारोळात मुलांची शाळा हरवू नये, तिच्याकडे पाहणारी जाणती माणसे निराळी असावीत, हा त्यामागचा सुज्ञ विचार होता.

पुढे या विचाराचे काय झाले ते राज्यातील अनेक शहरांनी पाहिले. ज्यांना उमेदवारी देता आली नाही, त्यांची सोय लावण्याची जागा म्हणजे शिक्षण मंडळ, असा राजकीय पक्षांचा परिपाठ पडला. याला कोणताही पक्ष सर्वस्वी अपवाद नव्हता. फळा-खडूपेक्षा गणवेश, बूट आणि स्वेटर यांच्या खरेदीची चर्चा मंडळांच्या बैठकांत अधिक रंगू लागली. शिक्षकांच्या बदल्या हा स्वतंत्र व्यवहार झाला. कुंपणच शेत खाऊ लागले. अखेर २०१३ मध्ये राज्याने ही मंडळे रद्द करण्याचा कायदा केला. काही शहरांत विद्यमान मंडळांची मुदत संपेपर्यंत ती रेंगाळली आणि मग इतिहासजमा झाली. त्या वेळी कोणी निषेधसभा घेतली नाही, कोणी हळहळले नाही. उलट 'सुटलो' अशीच भावना होती.

पण उंदीर झाले म्हणून कोणी धान्याचे कोठार पाडीत नाही. मंडळे का बिघडली? तेथे कोण जातो, कशासाठी जातो, याची विचारपूस करणारा नागरिक कधी उभाच राहिला नाही म्हणून बिघडली. नगरसेवकाला 'आमच्या भागातील रस्ता का झाला नाही' असे विचारणारे शेकडो निघत. 'शिक्षण मंडळावर तुम्ही कोणाला मत दिले आणि का दिले' असे विचारणारा एकही निघत नसे. ज्या जागेवर समाजाचे लक्ष नसते, तेथे बाजार भरणारच. मंडळ रद्द केल्याने बाजार उठला असेल, पण त्याबरोबर शाळेसाठी म्हणून असलेले एक लोकनियुक्त व्यासपीठही उठले. शाळा महापालिकेच्या इतर विभागांसारखा एक विभाग झाल्या आणि लोकनियुक्त देखरेख म्हणून उरली ती नगरसेवकांची शिक्षण समिती.

त्यानंतर मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ या काळात सभागृहच नव्हते. जून २०२२ मध्ये महापालिकेच्या शाळेत पहिलीत दाखल झालेले मूल जानेवारी २०२६ मध्ये चौथीत होते. त्या मुलाच्या अक्षर-अंकओळखीपासून चौथीपर्यंतच्या काळात त्याच्या शाळेविषयी एकाही नगरसेवकाने सभागृहात प्रश्न विचारला नाही, कारण नगरसेवकच नव्हता. नाशिकला हे नवीनही नाही. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महापालिका अस्तित्वात आली, पण पहिली निवडणूक व्हायला १९९२ साल उजाडले. महापालिकेच्या उण्यापुऱ्या ४३ वर्षांच्या आयुष्यातील सुमारे १३ वर्षे अशी लोकप्रतिनिधींवाचून गेली. प्रशासक व्यक्ती म्हणून कार्यक्षम असू शकतो. पण त्याची बदली होते. मुलाच्या आईची बदली होत नाही.

गोखल्यांचे विधेयक काय सांगत होते?

प्राथमिक शाळा गावाच्या आणि शहराच्या हाती असावी, हा विचार कोण्या परकीय पुस्तकातून उसना आणलेला नाही. भारतातील सक्तीच्या शिक्षणाचा इतिहास नाशिक जिल्ह्याच्या मातीशी जोडलेला आहे. मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी १८६३ मध्ये जन्मलेला एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा महाराज झाला. त्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानात लागू केला. १९१७ मध्ये कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी हेच पाऊल उचलले.

ब्रिटिश मुलखात हे काम नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी अंगावर घेतले. मार्च १९११ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेल्या विधेयकाची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. कलकत्त्याच्या वा दिल्लीच्या सरकारने देशभर एकदम सक्ती करावी असे त्यात नव्हते. आपल्या हद्दीत सक्ती करावी की नाही, याचा पुढाकार नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांनी घ्यावा, त्यासाठी प्रसंगी शिक्षणकरही बसवावा, अशी ती योजना होती. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेल्या गोखल्यांना ठाऊक होते की, लोकांनी आपल्या खिशातून चालविलेली आणि आपल्या डोळ्यांसमोर असलेली शाळाच टिकते. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्या ३८ मतांत सरकारी मते होतीच, पण 'रयतेला हा अधिकार पेलणार नाही' असे मानणारे काही एतद्देशीय प्रतिष्ठितही होते. शंभराहून अधिक वर्षांनी आज आपण तोच अधिकार कायद्याने मिळालेला असूनही वापरीत नाही, तेव्हा त्या ३८ जणांच्या पारड्यात आपलेही मत पडते. नाशिकच्या कॉलेज रोडवरून गोखल्यांच्या नावाच्या संस्थेसमोरून रोज जाणाऱ्यांनी याचा विचार करावा.

स्थानिक शाळेचा कारभार कोणाच्या मनोवृत्तीने चालतो यावर किती काही अवलंबून असते, याचे दुसरे उदाहरणही नाशिकशी नाते सांगणारे आहे. भगूरच्या शाळेत मुळाक्षरे गिरविलेले स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सार्वजनिक शाळा सर्वांना खुल्या, असे मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने म्हटले होते. पण ठराव मुंबईत झाला आणि मूल मात्र गावच्या शाळेत पडवीतच बसविले जात होते. स्थानिक बोर्ड आणि गावचे पुढारी यांच्या संमतीवाचून सरकारी कागद वर्गाचा उंबरठा ओलांडीत नव्हता. सावरकरांनी शाळाशाळांतून सर्व जातींची मुले सरमिसळ बसावीत म्हणून गावोगाव फिरून वर्षानुवर्षे जो आग्रह धरला, तो याच उंबरठ्यावरचा लढा होता. हिंदू समाजाच्या एकतेची भाषा व्यासपीठावरून करता येते, पण ती रुजते की नाही हे पहिलीच्या वर्गातील बाकावर ठरते. आणि बाकावर कोण कोणाशेजारी बसेल, हे त्या शाळेचा कारभार पाहणारा ठरवितो.

दूरवरून घेतलेले माप

स्थानिक हात आणि दूरचा हात यांतील फरक समजण्यासाठी फार मागे जाण्याचीही गरज नाही. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांच्या गणवेशाचा पैसा पूर्वी शाळा व्यवस्थापन समितीकडे येत असे. एका गणवेशाला ३०० रुपये, म्हणजे रक्कम तुटपुंजीच. पण समिती बाजारपेठेतून कापड आणी, ओळखीचा शिंपी माप घेई आणि कमीजास्त झाले तर त्याला जाब विचारता येई. २०२४-२५ या वर्षी 'एक राज्य, एक गणवेश' योजनेत कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली आणि शिलाईचे काम महिला बचत गटांना देण्यात आले. हेतू वाईट नव्हता. परिणाम असा झाला की अनेक ठिकाणी स्वातंत्र्यदिन उलटला तरी मुलांना गणवेश मिळाला नाही, आणि जो मिळाला तो कोणाला आखूड तर कोणाला ढगळ. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने चूक सुधारली आणि गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविली. गाव करी ते राव न करी, ही म्हण पूर्वजांनी अनुभवावरूनच केली आहे. मात्र अधिकार परत आला तेव्हा तो घ्यायला समितीत कोण बसले होते, हा प्रश्न उरतोच. तेथे नामधारी सदस्य असतील, तर त्या पैशाचे माप पुन्हा दुसराच कोणी घेईल.

गणवेशाची चूक एका वर्षात दुरुस्त झाली. शाळाच गेली तर ती दुरुस्ती इतकी सोपी नसते. २० वा त्याहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभाराव्यात, असा विचार शिक्षण आयुक्तालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये पुढे आणला. त्या वेळी राज्यात अशा १४ हजार ७८३ शाळा असल्याची आकडेवारी पुढे आली. पुण्यातील वातानुकूलित दालनात हा हिशेब बरोबरच दिसतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवर तो पावसाळ्यातल्या ओढ्याशी जाऊन आदळतो. भाम धरणामुळे विस्थापित झालेल्या इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची मुले शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेच्या दारात आली. आमची शाळा देत नसाल तर दप्तरे घ्या आणि शेळ्या द्या, त्या तरी राखू, असा त्यांचा सवाल होता. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, लोक हळहळले. पण त्या मुलांना पायपीट करीत जिल्ह्याच्या ठिकाणी का यावे लागले? जिल्हा परिषदेची मुदतही मार्च २०२२ मध्ये संपली होती. त्या भागाचा प्रश्न मांडणारा गटाचा सदस्य नव्हता, शिक्षण समितीचा सभापती नव्हता. निवडणूक नसते तेव्हा लहान मुलांना मोर्चा काढावा लागतो.

शिक्षकांना ७, पालकांना शून्य

शाळेच्या नावावर निवडणुका होत नाहीत असे मात्र मुळीच नाही. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यांपैकी ७ शिक्षकांच्या मतांवर आणि ७ पदवीधरांच्या मतांवर भरल्या जातात. नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघाची निवडणूक जून २०२४ मध्ये झाली, तेव्हा नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि आजचे अहिल्यानगर या 5 जिल्ह्यांत प्रचाराची किती धामधूम उडाली होती हे सर्वांनी पाहिले. त्यातही गंमत अशी की, या मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरील शिक्षकांनाच मताधिकार आहे. मुलाला पहिले अक्षर शिकविणारा प्राथमिक शिक्षक त्या यादीत नाही. आणि पालक तर कोणत्याच यादीत नाही.

दुसरे उदाहरण घरचेच आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेला मराठा विद्या प्रसारक समाज ही नाशिक जिल्ह्याची अभिमानास्पद संस्था आहे. कर्मवीरांनी वसतिगृहासाठी मूठमूठ धान्य जमवून उभे केलेले हे कार्य. या संस्थेची निवडणूक आली की जिल्ह्याचे वातावरण तापते. ऑगस्ट २०२२ मध्ये १० हजारांहून अधिक सभासदांच्या मतांवर तेथे सत्तांतर झाले, तेव्हा तालुक्यातालुक्यांत मेळावे झाले, पॅनेलांची पत्रके घरोघर पोहोचली. शिक्षणसंस्थेच्या निवडणुकीत समाजाने एवढा रस घ्यावा, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र तेथे मत आहे ते सभासदाला. त्याच गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रत्येक पालकाला मत आहे, अनामत रक्कम नाही, पॅनेल नाही, खर्च शून्य, आणि तेथे सभेला गणपूर्ती होताना मारामार. ज्या निवडणुकीतून मान आणि सत्ता मिळते तेथे आपण धावतो, ज्या निवडणुकीतून मुलाला बाई मिळतात तेथे आपल्याला वेळ नसतो! या वृत्तीला शिक्षणप्रेम म्हणायचे का?

सबबी आणि त्यांची उत्तरे

समित्यांचा विषय निघाला की काही ठरलेल्या सबबी ऐकू येतात. त्यांचा एकदाच निकाल लावलेला बरा.

पहिली सबब, 'शाळेत राजकारण नको.' ऐकायला सात्त्विक वाटते. पण शाळेची जागा, शिक्षकाची नेमणूक, खोलीची दुरुस्ती, पोषण आहाराचा तांदूळ हे सारे निर्णय कोणी तरी घेतच असते. पालकांनी अंग काढून घेतल्याने राजकारण थांबत नाही, ते बंद दाराआड चालते एवढेच. पक्षांचे झेंडे समितीत नकोत हे खरेच. पण मताधिकार आणि पक्षबाजी या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुसरी, 'पालक अशिक्षित, हातावर पोट असलेले. त्यांना काय कळते?' अंबड-सातपूरच्या कारखान्यांत यंत्रावर उभा राहणारा कामगार वा पंचवटीच्या बाजारात भाजी विकणारी माउली, यांना शिक्षणशास्त्र कळत नसेल. पण आपल्या मुलाला वाचता येते की नाही, गुरुजी वर्गात असतात की नसतात, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे की नाही, हे त्यांना कोणत्याही अधिकाऱ्याहून अधिक कळते. जो समाज खासदार निवडायला शहाणा आहे, तो शाळेची समिती निवडायला अडाणी ठरतो कसा?

तिसरी, 'समितीला अधिकारच काय आहेत?' कायदा वाचावा. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि शासन वा स्थानिक संस्थेकडून आलेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे २१ आणि २२ व्या कलमांत लिहिलेली आहेत. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या पटानुसार दरवर्षी संयुक्त अनुदान मिळते. १०० ते २५० मुलांच्या शाळेला ते ५० हजार रुपये असते. हे पैसे कोठे गेले असे विचारण्याचा हक्क प्रत्येक सदस्याला आहे. ३२ व्या कलमानुसार मुलाच्या हक्कासंबंधी लेखी तक्रार दिली तर स्थानिक प्राधिकरणाने ३ महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. अनुदानित शाळांत समितीचे स्थान सल्लागाराचे आहे, ही मर्यादा खरी. पण महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत ती मर्यादा नाही. तलवार म्यानात गंजली म्हणून ती बोथट होती असे म्हणता येत नाही.

चौथी सबब कोणी उघड बोलत नाही, पण सर्वांत खरी तीच आहे. 'माझे मूल त्या शाळेत नाही.' गंगापूर रोड, इंदिरानगर, कॉलेज रोड येथील सुस्थित घरांतील मुले कधीच खासगी इंग्रजी शाळांकडे वळली. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा प्रश्न पेटला, तेव्हा मराठीच्या भवितव्यासाठी याच घरांतून आवाज उठले. २९ जून २०२५ रोजी ते शासननिर्णय मागे घेण्यात आले. आवाज उठविला यात चूक काहीच नाही. पण मराठी ज्या शाळांत रोज शिकविली जाते त्या महापालिकेच्या शाळेची पायरी यांतील किती जण चढले? भाषा जगते ती वर्गात. आणि ज्या वर्गाला समाजातील वजनदार माणसांचा वारसा उरत नाही, त्याच्या गळक्या छपराची तक्रार कोणी ऐकत नाही. सीमाभागातील मराठी माणूस हे ओळखून आहे. बेळगाव-खानापूरकडे सरकारी मराठी शाळांच्या शाळा सुधारणा समितीचे अध्यक्षपद हा गावाच्या अस्मितेचा विषय असतो, कारण तेथे मराठी शाळा गेली तर काय जाईल हे सर्वांना ठाऊक आहे. नाशिकमध्ये मराठी सुरक्षित आहे असे आपण गृहीत धरले आहे, म्हणून आपण निर्धास्त आहोत.

राहिला प्रश्न खासगी शाळांतील पालकांचा. विनाअनुदानित शाळांना व्यवस्थापन समितीचे २१ वे कलम लागू नाही. परंतु शुल्क विनियमनाचा २०११ चा राज्याचा कायदा पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती बंधनकारक करतो, आणि शुल्काचा प्रस्ताव त्या समितीपुढे ठेवावा लागतो. शुल्क वाढले की समाजमाध्यमांवर संताप व्यक्त करणाऱ्या पालकांपैकी किती जण त्या समितीसाठी नाव देतात, हे ज्याने त्याने आपल्याशीच तपासावे.

शिकागोने केले ते नाशिकने का करू नये?

अमेरिकेत शाळांचा कारभार पाहणारी मंडळे बहुतेक ठिकाणी थेट जनतेच्या मतांनी निवडली जातात. ज्या शिकागो नगरीत ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांचे पहिले भाषण झाले, ते शहर याला दीर्घकाळ अपवाद होते. तेथे शिक्षण मंडळ महापौरांच्या मर्जीने नेमले जाई. शहरातील पालक आणि शिक्षक त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथे मंडळाच्या सदस्यांसाठी प्रथमच जनतेने मतदान केले. मंडळाच्या २१ जागांपैकी १० जागा त्या वेळी भरल्या गेल्या. शिवाय १९८८ च्या कायद्यानुसार तेथील शाळांत पालकांची संख्या सर्वाधिक असलेल्या निर्वाचित परिषदा आहेत आणि मुख्याध्यापक निवडण्यातही त्यांचा शब्द चालतो. तेथील व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. तेथेही मतदान थोडे होते, हितसंबंधी गट शिरकाव करतात. पण एक लक्षात घ्यावे. मंडळ बिघडले म्हणून त्यांनी मतपेटी काढून टाकली नाही, मतपेटीसाठी ते भांडले. आपल्याकडे मंडळ बिघडले आणि आपण मतपेटीच उचलून दिली.

नाशिकमध्ये आज करण्याजोगे बरेच आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महापालिकेच्या शिक्षण समितीवर कोणता नगरसेवक जातो आणि तो आधी किती शाळांत जाऊन आला आहे, हे त्याच्या प्रभागातील नागरिकांनी विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या निवडीची पालकसभा कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी घ्यावी, तिची सूचना वस्तीत दवंडी दिल्यासारखी पोहोचवावी आणि एकाहून अधिक इच्छुक असतील तर टाळ्यांऐवजी चिठ्ठ्यांनी मतदान व्हावे, असा आग्रह पालकांनी धरावा. समितीतील महिला सदस्याच्या खुर्चीवर तिचा नवरा बसू नये, हे तर पहिल्या बैठकीतच ठणकावून सांगावे. संयुक्त अनुदानाचा जमाखर्च शाळेच्या दर्शनी फळ्यावर लिहिला जावा. ज्यांची मुले त्या शाळेत नाहीत अशा सुशिक्षितांनी, निवृत्त शिक्षकांनी, हिशेब जाणणाऱ्या व्यावसायिकांनी वस्तीतील एकेका समितीला कायदा समजावून देण्यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी. अध्यक्षपदाची खुर्ची पालकाचीच राहू द्यावी आणि आपण मागच्या बाकावर बसावे.

राष्ट्रनिर्माण हा शब्द गेली कित्येक वर्षे व्यासपीठांवरून उच्चारला जात आहे. तो उच्चारणाऱ्या सज्जनांवर याबाबतीत इतरांपेक्षा अधिक जबाबदारी आहे. समाजाने शासनावर अवलंबून राहू नये, समाजाने स्वतः उभे राहावे, असे जे सांगतात, त्यांच्या वस्तीतील शाळेची समिती जर मुख्याध्यापकांच्या टेबलावर बनत असेल, तर तो उपदेश कोणाला? शाखा, भजनी मंडळ, गणेशोत्सव, ग्राहक पंचायत, पतसंस्था या सर्वांना वेळ देणारा कार्यकर्ता पालकसभेलाच तेवढा अनुपस्थित असतो, ही गोष्ट कोणी तरी स्पष्ट बोलायला हवी.

नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होईल. ठिकठिकाणी समित्यांची मुदत संपेल आणि फलकावर सूचना लागेल. त्या दिवशी शाळेच्या आवारात मतदान केंद्राबाहेरची रांग नसेल, बोटाला शाई लागणार नाही, निकालाचे गुलाल उधळले जाणार नाहीत. तरीही पुढच्या दोन वर्षांत त्या इमारतीत शिकणाऱ्या मुलांचे भले-बुरे त्याच दिवशी ठरणार आहे. त्या सभेतील खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर नंतर शाळेच्या नावाने बोटे मोडण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.